भूक-तहान बाद

अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात काम नसताना जाऊ नये, हे पुण्यात जन्मलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तरी मी गेले. बाबांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी बुधवार पेठेतच चांगली मिळते, असं त्यांचं ठाम मत आहे. धायरीत आमच्या बिल्डिंगखाली औषधांची दुकानं आहेत, तिथेही तीच बॅटरी मिळते. पण पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसाचं मत बदलायला जाण्यापेक्षा बस पकडलेली बरी.

बॅटरी पर्समध्ये टाकली आणि गर्दीतून वाट काढत निघाले. आया, बाप, पाठीवर नवी दप्तरं अडकवून हिंडणारी पोरं, आणि सगळ्यांच्या वर तो वास. नवा कागद, खळ, तपकिरी कव्हरं, खोडरबरं. हा वास मला कुठेही डोळे बांधून नेऊन सोडलं तरी ओळखू येईल. आमच्या घराला तोच वास होता. बाबा संध्याकाळी घरी यायचे ते शर्टाला हा वास घेऊनच.

जुन्या पुस्तकांच्या एका दुकानाबाहेर ढीग लावला होता. त्यातलं एक पाठ फाटलेलं गाइड मी उगाच उचललं. पाचवी, मराठी. कागद पिवळा पडलेला, कोपरे वाळवीनं खाल्लेले. मधलं पान उघडलं तर समोर हेच: ‘पुढील शब्दाचा निरनिराळ्या अर्थांनी वाक्यांत उपयोग करा : लागणे.’ आणि खाली उत्तरं. सुमनला गार पाण्याने ठसका लागला. बोलण्याच्या नादात वहिनींचे दूध खाली लागले. शरद जिन्यावरून पडला, पण त्याला फारसे लागले नाही.

मी रस्त्यात मोठ्यानं हसले.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. “काय झालं?”

“हा शरद आहे ना, जिन्यावरून पडलेला? तो मी.”

त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “घ्यायचं असेल तर घ्या. वाचायचं असेल तर वाचनालय पलीकडे आहे.”

घेतलं. पुण्यात अजून काही गोष्टी जागच्या जागी आहेत, एवढ्यावरही मला बरं वाटतं.

बाबा बुधवारातल्या एका प्रकाशकाकडे शाळेची गाइडं लिहायचे. त्यांचं नाव कधी छापून आलं नाही. मुखपृष्ठावर ‘अनुभवी शिक्षकवृंद’ असं असायचं. त्या शिक्षकवृंदाचं एकुलतं एक डोकं आमच्या घरी राहायचं आणि दिवेलागणीला जिना चढून यायचं. कसब्यात, तांबट आळीच्या तोंडाशी, दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडायचे. त्यामुळे आम्ही सगळे जन्मापासून वरच्या पट्टीत बोलणारे. बाहेरच्याला वाटायचं भांडतायत. हंडे-पातेली उजळायला खाली चिंच वापरायचे, तिचा आंबट वास जिन्यात कायम भरलेला असे. जेवायच्या वेळेला हातोडे थांबायचे आणि कान एकदम मोकळे व्हायचे. त्या मोकळ्या कानांनी आम्ही जेवायला बसायचो.

आणि तिथेच गाइडाचं खरं काम चालायचं. बाबांना वाक्यं लागायची. दर वर्षी नवी इयत्ता, नवी आवृत्ती, आणि प्रत्येकीत ‘वाक्यात उपयोग करा’. एकट्या माणसानं किती वाक्यं जुळवायची? मग त्यांनी घरात पद्धतच पाडली. चार पाट मांडले की बाबा शब्द टाकायचे. पडणे. बसणे. सुटणे. मान. हार. पहिलं वाक्य त्यांचं, मग आई, मग ताई, मग मी. वाक्य पसंत पडलं की ते “हं” म्हणायचे आणि पुढच्याचा नंबर यायचा. हं येईपर्यंत घास तोंडात घालायचा नाही. रविवारचा शब्द मात्र ठरलेला होता, लागणे. कारण, बाबा म्हणायचे, बाकीचे शब्द संपतात, हा संपत नाही.

नियम कडक होते. वाक्य खरं हवं आणि आजचं हवं. “ऐकीव माल नको. तुमच्या बाबतीत घडलेलं सांगा.” दुसरा नियम, भूक, तहान, झोप बाद. “ती तिसरीतली वाक्यं. झोपेतसुद्धा सुचतात.” तिसरा, कुणाचा नंबर चुकवायचा नाही. पानावर बसलेल्या प्रत्येकाला वाक्य द्यावंच लागे. पाहुण्यांचीही सुटका नव्हती. बाबांचे एक मावसभाऊ साताऱ्याहून यायचे. बिचारे जिन्यातच आईला विचारायचे, “वहिनी, आज काय शब्द आहे?” आणि हातपाय धुता धुता वाक्य जुळवून ठेवायचे.

मी वर्ष मोजायला शिकले ती या वाक्यांवरून. उन्हाळ्यात आई म्हणायची, “आढीतल्या दोन आंब्यांना बुरशी लागली.” श्रावणात झड लागायची आणि दोरीवरचे कपडे वाळायचे नाहीत. गणपतीत मांडवातले दिवे लागले की आमच्या भिंतीवर त्यांचा लाल-हिरवा उजेड यायचा, आणि ते वाक्य आधी कुणाचं यावरून ताई आणि माझ्यात मारामारी. दिवाळीत चकलीला मोहन कमी लागलं. थंडीत ओठ फुटले, जेवताना मीठ लागायचं. आईला एक अक्षर उगाच खर्च करायची सवय नव्हती. ती म्हणायची, “तेल संपलंय, उद्या आणावं लागेल.”

बाबा घास थांबवून विचारायचे, “हे वाक्य आहे की निरोप?”

“दोन्ही,” आई म्हणायची. “हं म्हणा आणि पिशवी न्यायला विसरू नका.”

जेवण झालं की बाबा जुन्या प्रुफांच्या कोऱ्या पाठीवर त्यातली निवडक वाक्यं उतरवायचे. आईच्या बांगड्यांचा आणि भांडी घासल्याचा आवाज मोरीतून यायचा आणि इकडे त्यांची पेन्सिल. घरातली माणसं छापायची नाहीत म्हणून नावं बदलायचे. आई झाली वहिनी, ताई झाली सुमन. मी शरद. मी मुलगी होते, पण बाबा म्हणाले, जिन्यावरून इतक्या वेळा पडणारं माणूस शरदच असणार. आमच्या घरातलं असं बरंचसं आयुष्य पुस्तकातून बाहेर पडलं आणि कुठल्या कुठल्या गावच्या पोरांनी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले.

पाचवीत आमच्या बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘शरद जिन्यावरून पडला, पण त्याला फारसे लागले नाही.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुडघ्याला चांगली खोक पडली होती! मी उभी राहिले आणि म्हणाले, “बाई, हे चूक आहे. खूप लागलं होतं.” बाईंनी मला बाकावर उभं केलं. घरी येऊन मी बाबांपुढे गुडघा धरला. बाबांनी चष्मा नाकावर ओढून त्या जुन्या व्रणाची तपासणी केली आणि म्हणाले, “पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.” केली नाही. हे आज हातात आहे ते पुस्तक साक्षीला आहे.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. माठातलं गार पाणी गटागट प्यायची, ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पुसत पुन्हा प्यायची. शिकवून शहाणं होणाऱ्यातली ती नव्हती. रोज तिचा नंबर आला की ती पाय नीट दुमडून बसायची, चेहरा साळसूद करायची आणि म्हणायची, “मला भूक लागलीय.”

“तिसरीतलं,” बाबा म्हणायचे. “दुसरं सांग.”

“आधी वाढा. मग सुचेल.”

“दुसरं.”

हे रोज. शब्द लागणे असो की मान, ही बया आधी भूक लागलीयच म्हणणार. आणि बाबा रोज ‘तिसरीतलं’ म्हणणार. मग ताई जरा वेळ आमटीकडे बघायची आणि असं काही बोलायची की बाबांचा हात भातातच राहायचा. एकदा म्हणाली, “आई हसली की मला ही खोली मोठी वाटायला लागते.” आई स्टोव्हकडे तोंड फिरवून बसली. बाबांनी ते वाक्य प्रुफाच्या पाठीवर उतरवलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, “गाइडात चालणार नाही. पोरांचे मार्क जातील.” पण खोडलं नाही.

मग ताई गेली. कॉलेजातल्या मिलिंदशी तिनं लग्न केलं. तो नागपूरचा, बौद्ध घरातला, तिकडेच सरकारी नोकरीला लागलेला. कारण जातीचं होतं, आणखी काय असणार. त्यावर मी इथे जास्त शब्द घालवणार नाही, ते आमच्या घरी त्या आठवड्यात पुष्कळ घालवून झाले. बाबा ताईशी बोलायचे थांबले. शब्दांवर पोट भरणारा माणूस, पण पोटच्या पोरीसाठी त्याच्याकडे एक शब्द उरला नाही. मला त्यांचा राग आला होता. तो अजून आहे, आणि मी त्यांना रोज औषधाच्या गोळ्या वेळेवर देते. दोन्ही खरं आहे.

ती गेल्यावरची पहिली संध्याकाळ. तिचा पाट भिंतीला टेकून उभा. आईनं तीन ताटं वाढली. मला वाटलं आज वाक्यं नसणार. पण बाबांनी शब्द टाकला, बसणे. त्यांचं वाक्य झालं. आईनं कसंबसं काहीतरी म्हटलं, बाबा हं म्हणाले. मी तोंड उघडलं तर त्यांनी डावा हात वर केला. थांब. आणि ते थांबले. एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा. स्टोव्हचा आवाज येत होता. खाली कुणीतरी रेडिओची सुई फिरवत होतं. मोरीतला नळ टपकत होता. बाबा भिंतीकडे बघत नव्हते, आमच्याकडेही नाही, नुसते ताटातल्या मिठाकडे. मग म्हणाले, “हं.” आणि माझा नंबर आला.

तेव्हापासून रोज. ताईचा नंबर कधी चुकला नाही. पाहुणे असले की ते चमकायचे, वाटायचं म्हाताऱ्याला घास लागलाय. आम्ही काही सांगायचो नाही. मला मात्र सुरुवातीला ते बघवत नसे. म्हणजे काय, माणूस तिकडे नागपुरात चालतंय, बोलतंय, नोकरी करतंय, त्याचा फोन आला तर घ्यायचा नाही, आणि इथे त्याच्या गप्प बसण्याला हं म्हणायचं! मी एकदा आईला बोललेही. आई म्हणाली, “तुला नाही कळायचं.” नंतर म्हणाली, “मलाही कळत नाही. पण थांबतात ना?”

गाइडाच्या पुढच्या आवृत्त्यांतून सुमन गेली. तिच्या जागी मंदा नावाची कुणी आली. मंदा नेमानं शाळेत जायची आणि फुलं वेचायची. तिला कधी ठसका लागला नाही.

आई बाबांच्या माघारी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून ताईला फोन करायची. मी शेजारी उभी असायचे, गुळाच्या ढेपा आणि हिंगाच्या वासात. आई दर वेळी सांगायची, “तुझ्या नंबराला थांबतात गं.” पलीकडून ताई काय म्हणायची ते आईच्या चेहऱ्यावरून कळायचं. “आई, पुरे,” असं म्हणायची. तिला वाटायचं, आई आपली मनधरणी करतेय. आई वारली तेव्हा ताई आली होती, दवाखान्यात आणि नंतर घाटावर. बाबा एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. ती पाणीही न घेता परत गेली.

आई गेल्यावर बाबा दोनदा थांबायला लागले. त्यांचं वाक्य, मग गप्प, मग हं. पुन्हा गप्प, पुन्हा हं. मग मी. मी लग्न केलं नाही, त्याचीही कारणं विचारू नका, मी मजेत आहे. विमा कंपनीत नोकरी केली, धायरीला फ्लॅट घेतला आणि बाबांना घेऊन आले. कसब्यातल्या खोल्या सोडताना पाट कुणाला तरी देऊन टाकले. इथे टेबल आहे, चार खुर्च्यांचं. सातव्या मजल्यावर हातोड्यांचा आवाज नाही. थांबण्याच्या वेळी आता फ्रीज गुरगुरतो आणि लिफ्टमधली बाई दरवाजा बंद करा म्हणून विनवत असते. बाकी पद्धत तीच. मी माझ्या हयातीत एकदाही नंबर चुकवलेला नाही, तापातसुद्धा नाही, याचा मला गर्व आहे.

आणि मग या उन्हाळ्यात ते झालं. एका दुपारी बाबांचं वाक्य झालं, आईसाठी थांबले, हं म्हणाले, आणि लगेच माझ्याकडे वळले. “हं, बोल.” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना कळलंही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हल्ली त्यांच्या डोक्यातून गोष्टी गळतात. चष्मा, वार, डॉक्टरांचं नाव. ते मी समजून घेते. पण हे नाही. एवढी वर्षं त्या थांबण्यावर मी चिडले, आणि ते बुजायला लागलं तर मला तेच हवं होतं. ताईची या घरात तेवढीच जागा उरली होती, आणि ती फक्त त्या एका म्हाताऱ्या डोक्यात होती.

बुधवारातून घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. मी बॅटरी बदलली आणि ते गाइड त्यांच्या हातात दिलं. त्यांना आता वाचता येत नाही. त्यांनी ते नाकाशी नेलं, पानांवरून अंगठा फिरवला.

“कितवी आवृत्ती?”

“तिसरी.”

“तिसरीत बावीस पानावर ‘विद्यार्थी’चा ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता,” ते म्हणाले आणि पुस्तक मांडीवर ठेवून घेतलं. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण हे आठवतं!

मी आत जाऊन ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई सांगायची. मला कधी खरं वाटलं नाही.”

“आज ऐकतेस? मी जेवताना फोन टेबलावर ठेवते. बोलू नकोस, नुसती ऐक.”

“आणि नाहीच थांबले तर?”

“तर तेही कळेल.”

त्या रात्री वरणभात, मेथीची भाजी. मोबाइल पाण्याच्या तांब्यामागे उताणा ठेवला, कॉल चालू. बाबांचा शब्द होता सुटणे. म्हणाले, “आज बऱ्याच दिवसांनी जुन्या कागदाचा वास सुटला.” मग थांबले. आईसाठी. हं. आणि मग त्यांनी चटणीची वाटी जवळ ओढली. आठवण करून द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. उसनं थांबणं मला नको होतं, ताईलाही नको होतं. त्यांनी चटणी घेतली. वाटी परत ठेवली. बोटं पुसली. फ्रीज गुरगुरायचा थांबला. बाबा मिठाकडे बघत होते.

“हं,” ते म्हणाले.

मी माझं वाक्य काय बोलले ते देवाला ठाऊक. ताट उचलल्यावर फोन घेऊन गॅलरीत गेले. ताई म्हणाली, “दुसरा हं माझा का?”

“हो.”

बराच वेळ ती नाक ओढत होती. मग तिचा खरा आवाज आला, वरच्या पट्टीतला, आळीतला. “रविवारी येते. माफी मागायला नाही, सांगून ठेवते. आणि एकटी येणार नाही. मिलिंद माझ्या शेजारी बसून जेवेल. चालत असेल तर सांग.”

मी जाऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुन्हा घातलं. “खुर्च्या पुरतील का?” म्हणाले.

शेजारून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आईची खुर्ची तशीच ठेवली, तिच्यावर कुणी बसायचं नव्हतं. तिच्या पलीकडे ताई, मग भाऊजी, मग प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी. ताईचे केस सगळे पांढरे झालेत. बाबांना तिचा चेहरा नीट दिसत नसणार. ती दारातून आत आली तेव्हा त्यांनी मान वर केली, “आलीस?” म्हणाले. ती म्हणाली, “आले.” भाऊजींनी नमस्कार केला, बाबांनी हात जोडले. झालं एवढंच. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाच्या आमटीचा वास घरभर होता.

“आज रविवार,” बाबा म्हणाले. “लागणे.”

ताईनं पदर सारखा केला.

“म्हातारपणी ऐकायला यंत्र लागते,” बाबांनी स्वतःचं वाक्य टाकलं. मग आईच्या खुर्चीसाठी थांबले. आम्ही सगळेच थांबलो. “हं.”

आता ताई. तिनं हात मांडीवर घेतले. इतक्या वर्षांची वाक्यं तिच्याकडे असणार, एकेक असं की बाबांना ऐकवलं तर घास उतरू नये. मला तीच भीती होती. ती बाबांकडे सरळ बघत म्हणाली, “बाबा, मला भूक लागलीय.”

बाबांचे ओठ सवयीनं हलले. “तिसरीतलं,” ते म्हणाले. आवाज चिरकला. मग त्यांनी पुरणपोळीचं ताट चाचपडत तिच्याकडे सरकवलं. “चालेल.”

चालेल! माझ्या जन्मात मी हा शब्द त्या वाक्यापुढे ऐकला नव्हता. ताईनं तोंडावर हात दाबला.

पण खरी वेळ तिच्यानंतरची होती. भाऊजी ताटाकडे बघत बसले होते. बाबांनी त्यांच्या दिशेला तोंड वळवलं. त्यांना टाळून माझ्यावर येणं बाबांना सहज जमलं असतं, डोळ्यांचं निमित्त होतंच. ते म्हणाले, “हं. बोला आपण.”

भाऊजींनी जराही विचार केला नाही. “कालपासून गाडीत बसून माझी पाठ धरली, उतरलो तेव्हा कुठे बरं वाटायला लागलं.”

बाबांनी मान तिरकी केली. खरं होतं, ताजं होतं. “हं,” म्हणाले. मग न राहवून, “तयारी करून आलात?”

“नाही, रोजची सवय आहे. आमच्या घरी पण चालते ना हे, लग्न झालं तेव्हापासून. मुलगी लहानपणी रडायची, पण हिनं कधी सोडलं नाही. नंबर चुकवायचा नाही, आणि भूक-तहान बाद.”

ताई पोळीचा तुकडा मोडत होती, तो मोडतच राहिली. इकडे आम्ही एका गप्प जागेला हं म्हणत होतो, आणि तिकडे नागपुरात रोज संध्याकाळी त्याच जागेतून वाक्यं निघत होती. बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तळहातानं डोळे पुसले. उघडपणे पुसले, लपवलं नाही. मला त्यांचा राग आहे असं मी म्हटलं, आणि मला त्या क्षणी ते फार आवडले.

“हं,” त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं. “तू.”

माझा नंबर. मी तोंड उघडलं. लागणे, जगातला सगळ्यात सोपा शब्द, आणि मला एक वाक्य येईना. भूक नाही, तहान नाही, काहीच नाही. ताई माझ्याकडे बघत होती, भाऊजी बघत होते, आमटी निवत होती.

बाबांनी डावा हात वर केला, सगळ्यांना थांबा म्हणून. आणि ते माझ्यासाठी थांबले.